कै. डॉ. आनंदीबाई जोशी व शरीरशास्त्राची ओळख

शरीरशास्त्राचा तास लागला कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. हाडांचीं नांवें, रक्ताच्या फेऱ्याची आकृति, फुप्फुसांचे भाग, हें सारें परीक्षेपुरतें घोकावें आणि परीक्षा संपतांच विसरून जावें, अशी बहुतेकांची रीत असते. कित्येक घरांत तर ह्या विषयाबद्दल बोलण्याचाच संकोच असतो; आणि मुलींनीं कांहीं विचारलें तर तो संकोच अधिकच वाढतो. म्हणून ह्या अंकांत आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें एका अशा महाराष्ट्रीय स्त्रीचें चरित्र ठेवीत आहों कीं, जिनें हेंच शास्त्र शिकण्यासाठीं घर सोडलें, देश सोडला आणि अखेरीस प्राणही वेंचिला. चरित्र सांगतां सांगतां त्या जें शिकल्या त्यांतील थोडेंसें आपणही शिकूं, असा आमचा हेतु आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत झाला. वडिलांचें नांव गणपतराव व मुलीचें माहेरचें नांव यमुना. त्या काळच्या चालीप्रमाणें नवव्या वर्षीं तिचें लग्न झालें. पति गोपाळराव विनायक जोशी हे टपालखात्यांत कारकून होते. ते बिजवर असून वयानें तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव हा मोठा विलक्षण मनुष्य. आपली पत्नी शिकली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. इतर घरांत बायको पुस्तक हातीं धरी म्हणून नवरा रागावे. ह्यांच्या घरीं ती पुस्तक टाकून चुलीपाशीं बसली म्हणजे नवरा रागावे! हा राग कित्येकदां मारहाणीपर्यंत जाई, व त्याचें दुःख आनंदीबाईंनीं पुढें आपल्या पत्रांतही बोलून दाखविलें आहे. ह्या कठोरपणाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु त्याच घरांत त्यांना अक्षरओळख झाली, इंग्रजी आलें आणि जगाचा नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढें उलगडला, हेंही नमूद केलें पाहिजे.

चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळतें तर तें बाळ कदाचित् वाचतें, हा सल त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं. अशा प्रसंगीं दैवाला दोष देऊन गप्प बसणाऱ्या माता त्या काळीं घरोघरीं होत्या. ह्या चौदा वर्षांच्या मुलीनें मात्र मूल कां गेलें असा प्रश्न केला, आणि त्या प्रश्नानें तिच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरविली.

नवजात बालकाच्या शरीरांत जन्माच्या क्षणीं केवढी उलथापालथ होत असते, हें येथें थोडक्यांत सांगतों. आईच्या उदरांत असतां मूल श्वासानें हवा घेत नाहीं. त्याचीं फुप्फुसें द्रवानें भरलेलीं असतात. प्राणवायु व अन्न हीं दोन्ही त्याला वारेंतून नाळेच्या वाटेनें आईच्या रक्ताकडून मिळतात. फुप्फुसांकडे फारसें रक्त नेण्याचें कारण नसल्यामुळें हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला एक भोंक असतें; त्यांतून रक्त परस्पर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातें. मूल बाहेर येऊन रडूं लागलें कीं पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसें फुलतात, रक्ताचा ओघ तिकडे वळतो आणि त्या भोंकावरील झडप मिटते. पुढें कांहीं काळानें ती बहुतेकांच्या हृदयांत कायमची चिकटून जाते. कोणी न शिकवितां हा सर्व बदल घडून येतो. परंतु ह्याच नाजूक काळांत थंडी, अस्वच्छ हात, नाळ कापण्याचें घाणेरडें हत्यार, ह्यांपैकीं एखादेंही कारण बालकाचा घात करण्यास पुरेसें होतें. हें ज्ञान असलेली सुईण व तें नसलेली सुईण ह्यांतील अंतर म्हणजे कित्येकदां जीवन व मरण ह्यांतील अंतर असे.

आणखी एक अडचण होती. वैद्य व डॉक्टर सर्व पुरुष. आणि कुलीन घरांतील स्त्रिया परपुरुषास नाडीसुद्धां दाखविण्यास लाजत. दुखणें अंगावर काढावें, सोसवेल तितकें सोसावें आणि मग मरून जावें, हाच क्रम होता. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर पाहिजे, हें आनंदीबाईंनीं ओळखलें. दुसरी कोणी होईल तेव्हां होवो, म्हणून त्या वाट पाहत बसल्या नाहींत. आपणच व्हावें असें त्यांनीं ठरविलें.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हें दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असें फिरत राहिलें. कोल्हापुरास असतां गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यांशीं पत्रव्यवहार करून पत्नीच्या शिक्षणासाठीं साहाय्य मागितलें. धर्मांतराची सूचना आली, ती जोशी पतिपत्नींना मान्य झाली नाहीं. परंतु तीं पत्रें अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आलीं. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. कोठलें रोझेल, कोठलें कोल्हापूर! परंतु वाचतां वाचतां त्या बाईंचें हृदय द्रवलें. त्यांनीं पत्र लिहिलें, आनंदीबाईंनीं उत्तर दिलें, आणि एकमेकींस न पाहतां त्या दोघींमध्यें मावशी-भाचीचें नातें जडलें. धर्म, देश व भाषा हीं तिन्ही निराळीं असतांही माणुसकी कशी जुळते, ह्याचें हें सुंदर उदाहरण होय.

समाजानें मात्र ह्या बेताला कडाडून विरोध केला. समुद्रपर्यटन हें पाप, त्यांत एकट्या स्त्रीनें जाणें हें महापाप! टीका इतकी वाढली कीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत आनंदीबाईंस जाहीर भाषण करून आपली भूमिका मांडावी लागली. (हें श्रीरामपूर म्हणजे बंगालमधील, आपल्या नगर जिल्ह्यांतील नव्हे.) हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, येथें तें शिक्षण घेण्यांत कोणत्या अडचणी आहेत, हें त्यांनीं मुद्देसूद सांगितलें, आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार, हेंही स्पष्ट केलें. ज्या काळीं स्त्रीनें चार पुरुषांत तोंड उघडणें हाही उद्धटपणा मानीत, त्या काळीं सतरा वर्षांच्या मुलीनें इंग्रजींतून हें भाषण केलें. त्यानंतर वृत्ति बदलली आणि ठिकठिकाणांहून साहाय्यही येऊं लागलें.

७ एप्रिल १८८३ रोजीं ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ह्या बोटीनें त्या निघाल्या. गोपाळराव मागें राहिले. ४ जून रोजीं बोट न्यूयॉर्कला पोंचली, आणि कार्पेंटरबाई त्यांना घेण्यासाठीं धक्क्यावर आल्या. पुढें फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना प्रवेश मिळाला. १८५० मध्यें स्थापन झालेली ही संस्था जगांतील अगदीं पहिल्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांत गणली जाते. तेथील प्रमुख डॉ. रेचेल बॉडली ह्यांनीं त्यांना शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

आतां वर्गांत आपण शिरूं. वैद्यकाच्या शिक्षणाचा पाया म्हणजे शरीररचना, आणि शरीररचनेचें खरें पुस्तक म्हणजे मनुष्याचें शरीर. शवविच्छेदनावांचून तें वाचतां येत नाहीं. आपल्या देशांत कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनीं १८३६ मध्यें पाश्चात्य पद्धतीचें शवविच्छेदन केलें, तेव्हां केवढी खळबळ उडाली होती! प्रेताचा विटाळ मानणाऱ्या घरांत वाढलेल्या आनंदीबाईंस ह्या शास्त्राच्या दारांत पाऊल टाकतांना मनाची किती तयारी करावी लागली असेल, ह्याची कल्पना आज करणें कठीण आहे.

हाडांच्या सांगाड्यापासून ह्या अभ्यासाचा आरंभ होतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें असतात. नवजात बालकांत मात्र त्यांहून पुष्कळ अधिक असतात, कारण वाढतां वाढतां कित्येक हाडें एकमेकांस जुळून एक होतात. हाड म्हणजे वाळलेलें लांकूड नव्हे. त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आहेत, तें वाढतें, मोडलें तर सांधतें; इतकेंच नव्हे, तर रक्तांतील कण त्याच्याच आंतील मगजांत तयार होतात. कवटी मेंदूचें रक्षण करिते, बरगड्या हृदय व फुप्फुसें सांभाळतात, आणि स्नायु हाडांना ओढून आपणांस चालवितात, बोलवितात, हंसवितात.

ह्यानंतर हृदय. आपली मूठ वळून पाहा. साधारण तेवढेंच तुमचें हृदय आहे. त्याचे चार कप्पे आहेत, दोन वर व दोन खालीं. मोटेनें पाणी काढतांना जसें तें विहिरींत उलट सांडूं नये अशी काळजी घ्यावी लागते, तशी रक्त मागें परतूं नये म्हणून हृदयांत झडपांची योजना आहे. आमच्या मूर्तिजापूरच्या मुलांस एक दृष्टांत चटकन् समजेल. आपलें स्टेशन जंक्शनचें. अचलपूर व यवतमाळ ह्या बाजूंचे लहान रूळ येथें येऊन मुंबई-नागपूरच्या मोठ्या मार्गाला मिळत. हृदय हेंही असेंच जंक्शन होय. सर्व शरीरांत फिरून आलेलें रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस उतरतें. तेथून तें लहान मार्गानें फुप्फुसांकडे जातें, कर्बाम्लवायु टाकून प्राणवायु घेतें आणि पुन्हां हृदयाच्या डाव्या बाजूस येतें. मग तेथून मोठ्या मार्गानें मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र जातें. हृदयापासून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, व हृदयाकडे रक्त आणणाऱ्या त्या नीला. ह्या दोहोंस जोडणाऱ्या केशवाहिन्या इतक्या सूक्ष्म असतात कीं, विल्यम हार्वी ह्यांनीं १६२८ मध्यें रक्ताचा फेरा सिद्ध केला तेव्हां त्यांनाही त्या दिसल्या नव्हत्या. पुढें १६६१ मध्यें माल्पिघी ह्यांनीं सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांत त्या पाहिल्या.

आतां आंगठ्याच्या मुळाशीं, मनगटावर, दोन बोटें ठेवा. जी उडी लागते ती हृदयाच्या एकेका ठोक्याची लाट होय. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या मिनिटास सुमारें ७२ उड्या पडतात. प्रत्येक ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतें. म्हणजे एका मिनिटांत जवळजवळ ५ लिटर. प्रौढ शरीरांतील एकंदर रक्तही साधारण तेवढेंच असतें. दिवसाचा हिशेब केला तर ठोके एक लाखाच्या वर जातात. गणिताच्या वहींत हा हिशेब अवश्य करून पाहावा. हीच ती नाडी, जी दाखविण्यास आमच्या आजी-पणज्या लाजत होत्या!

तिसरा विषय फुप्फुसांचा; आणि आनंदीबाईंच्या चरित्रांत त्याला विशेष महत्त्व आहे. छातींत दोन फुप्फुसें आहेत. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोनच; कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. फुप्फुसांना स्वतःचें हलविण्याचें बळ नसतें. छाती व पोट ह्यांमधील श्वासपटल खालीं जातें, बरगड्या वर उचलल्या जातात, आंतील जागा वाढते आणि हवा आंत येते. श्वासनलिकेला झाडाप्रमाणें फांद्या फुटत जाऊन शेवटीं कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश लागतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत जातो व कर्बाम्लवायु बाहेर येतो. मिनिटास १५ श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. आपल्याकडील जुन्या योगमार्गी परंपरेंतही हाच आंकडा सांगितला आहे, हें पाहून मौज वाटते.

फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडींत आनंदीबाईंनीं हें सर्व शिक्षण घेतलें. आपला आहार व पोशाख त्यांनीं सोडला नाहीं. परक्या देशांत शाकाहारावर राहणें कठीण, हवा मानवेना, अभ्यास मात्र अहोरात्र. त्यांची प्रकृति पहिल्यापासूनच नाजूक होती. ती आतां ढासळूं लागली. तरीही त्यांनीं हातचें काम टाकलें नाहीं. १८८५ मध्यें त्यांच्या विद्यालयांत जपानच्या केइ ओकामी व सीरियाच्या साबात इस्लांबुली ह्या दोन विद्यार्थिनीही होत्या. आपापल्या देशाच्या पोशाखांत बसलेल्या ह्या तिघींचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांतील आनंदीबाईंचा शांत चेहरा एकदां पाहिला कीं विसरत नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. आर्य हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वाचकांनीं ह्या विषयाच्या निवडीकडे लक्ष द्यावें. दहा दिवसांचें मूल गमावलेल्या मातेनें प्रसूतीचाच विषय घेतला! पदवीदानाच्या समारंभास गोपाळराव व पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आलें. कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. सारें जुळून आलें होतें.

परंतु ज्या फुप्फुसांची रचना त्या शिकल्या, त्याच फुप्फुसांत क्षयानें घर केलें होतें. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळें होतो, हें रॉबर्ट कॉख ह्यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्याच्या जेमतेम एक वर्ष आधीं, जाहीर केलें होतें. शत्रु ओळखूं आला होता. त्याला मारण्याचें शस्त्र मात्र हातीं नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध सांपडण्यास १९४३ साल उजाडावें लागलें. क्षयाचे जंतु वायुकोशांत शिरून तेथें गांठी उत्पन्न करितात, पुढें तो भाग कुजून पोकळ होतो, आणि रक्ताला प्राणवायु मिळण्याची जागाच कमी होत जाते. ताप, खोकला, रक्त पडणें, शरीर वाळणें, हीं त्याचीं लक्षणें. आपणांस काय होत आहे, हें ह्या विदुषीस कळत नव्हतें असें कसें म्हणावें?

१८८६ च्या अखेरीस त्या मायदेशीं परतल्या. एके काळीं ज्यांनीं निंदा केली, त्यांतील कित्येक आतां दर्शनास व स्वागतास आले. पुण्यास औषधोपचार झाले, पण गुण आला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांनीं देह ठेवला. बावीस वर्षें पुरीं होण्यास अजून महिन्याहून अधिक अवधि होता. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत त्यांना जागा मिळाली. ज्या मावशीनें धक्क्यावर उतरून घेतलें, तिनेंच शेवटचें स्थानही दिलें.

मग एवढे कष्ट व्यर्थ गेले काय? एकाही रोग्यास ज्यांना मायदेशीं नीट तपासतां आलें नाहीं, त्यांचें शिक्षण फुकट गेलें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या १८८६ सालीं आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्याच सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली ह्याही डॉक्टर झाल्या. पुढें मुंबईच्या डॉ. रखमाबाईंनीं विलायतेस जाऊन १८९४ मध्यें एम्. डी. पदवी मिळविली व सुरत, राजकोट येथें दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. एकीनें वाट दाखविली, दुसरीनें ती रुळविली. आज स्त्री-डॉक्टर पाहून कोणासही नवल वाटत नाहीं. हें नवल न वाटणें हेंच आनंदीबाईंचें खरें स्मारक होय. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचें नांव दिलेलें आहे. तें स्मारक दूरचें, हें जवळचें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? सर्वांनीं परदेशीं जावें किंवा सर्वांनीं डॉक्टर व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घरांत आपण जन्मभर राहतों त्या घराच्या खोल्या तरी ठाऊक असाव्यात! आपलें शरीर हें तसें घर आहे. आनंदीबाईंनीं शवविच्छेदनाच्या मेजापाशीं उभें राहून जें मिळविलें, तें आज आपणांस शाळेच्या बांकावर बसून मिळतें. ह्याच मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें बाळपण घालविलेल्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवोगांव जो स्वच्छतेचा धडा दिला, त्याचें शास्त्रीय कारणही ह्याच पुस्तकांत आहे. क्षयाचे जंतु खोकल्याच्या तुषारांबरोबर हवेंतून पसरतात. म्हणून तोंडावर रुमाल धरावा, कोठेंही थुंकूं नये, घरांत हवा खेळती ठेवावी.

पालकांसही दोन शब्द नम्रपणें सांगतों. दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला राहिला, ताप येऊं लागला किंवा मूल वाळूं लागलें, तर तें लपवूं नये. सरकारी रुग्णालयांत थुंकीची तपासणी व क्षयाचे उपचार विनामूल्य होतात, आणि नेमानें सुमारें सहा महिने औषध घेतलें तर बहुतेक रोगी बरे होतात. आनंदीबाईंस जें औषध मिळालें नाहीं तें आज आपल्या गांवांत मिळतें. आणि आपल्या मुलीनें शरीराविषयीं एखादा प्रश्न विचारला, तर तिला गप्प बसवूं नये. चौदा वर्षांच्या एका मुलीनेंही असाच एक प्रश्न विचारला होता.